पाठीवर कुणी नसलेला घोडा

जर्मन अभिव्यक्तिवादी चित्रकार फ्रान्झ मार्क यानं १९११ ते १९१४ या काळात विसेक वुडकट, म्हणजे लाकडी फळीवरून छापायचे ठसे, कोरले. आकारानं ते साधारण वहीच्या पानाएवढे आहेत, आणि त्यांत घोडे, वाघ, सिंह, लांडगे यांचंच राज्य आहे. त्यांच्याकडे पाहण्याच्या दोन रीती आहेत आणि दोन्हींचं आपसात पटत नाही. एक रीत म्हणते, हे प्राणी म्हणजे प्रतीकं आहेत: निष्पापतेची, अध्यात्माची, येऊ घातलेल्या युद्धाची. दुसरी रीत, जी मला पटते, ती म्हणते की मार्कच्या तैलचित्रांतले प्राणी प्रतीकं असतीलही, पण लाकडात उतरल्यावर ते प्रतीक राहत नाहीत. पहिलं मत मांडणारे जाणकार पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं आधी दुबळं करायचं आणि मग खोडून काढायचं, यात काही राम नाही. म्हणून इथे ते एका प्राध्यापकांच्या तोंडी, जमेल तेवढ्या ताकदीनं दिलं आहे. प्राध्यापक कल्पित आहेत. त्यांचे आक्षेप तसे नाहीत.

प्राध्यापक : मार्क हा गप्प बसणारा चित्रकार असता, तर तुमचं म्हणणं मी निमूट ऐकून घेतलं असतं. पण आपल्या प्राण्यांबद्दल त्यानं इतकं लिहून ठेवलंय की आपण वेगळं काही सांगू लागलो तर तो उद्धटपणा ठरेल. तरुणपणी हा माणूस धर्मशास्त्र शिकायला निघाला होता. १९१० मध्ये म्युनिकच्या पीपर प्रकाशनानं कलेतल्या प्राण्यांवर एक पुस्तक काढलं. त्यात त्यानं लिहिलं की झाडं, जनावरं, हवा या सगळ्यांतून वाहणारी एकच लय आपल्याला पकडायची आहे आणि प्राण्याचं चित्र हे त्यासाठी सर्वांत चांगलं साधन आहे. साधन, बरं का! त्याच वर्षी डिसेंबरात आउगुस्ट माके या मित्राला पाठवलेल्या पत्रात त्यानं रंगांची जवळजवळ एक संहिताच दिली: निळा पुरुषतत्त्वाचा, कठोर आणि आध्यात्मिक, पिवळा स्त्रीतत्त्वाचा, कोमल आणि आनंदी, लाल म्हणजे जडद्रव्य, जड आणि दांडगं, ज्याच्याशी उरलेल्या दोघांनी झुंजायचं. घोडा निळा का, याचं उत्तर चित्रकारानंच देऊन ठेवलंय. शिवाय माध्यमाचा इतिहास पाहा. जर्मन वुडकट वाढला तो धर्मग्रंथांच्या पानांवर. ड्यूररनं १४९८ मध्ये बायबलच्या शेवटच्या ग्रंथातले चार घोडेस्वार कोरले, तेव्हा घोडे हे घोडे नव्हतेच. युद्ध, दुष्काळ आणि मृत्यू यांच्या पायांना ते खूर लागले होते. मध्ययुगीन प्राणिकोशांत सिंह म्हणजे ख्रिस्त. शतकानुशतकं ज्या माध्यमात जनावरानं अर्थच वाहिला, ते माध्यम हाती घेणारा, आधीच प्रतीकात विचार करणारा चित्रकार एकाएकी प्रतीक टाकून देतो, हे मला तरी अजब वाटतं.

लेखक : सर, तुम्ही दिलेला पुरावा माझ्याच कामाचा आहे. माकेच्या पत्रातली संहिता रंगांची आहे, प्राण्यांची नाही. घोडा म्हणजे अमुक आणि गाय म्हणजे तमुक, असं मार्क तिथे म्हणत नाही. त्यानं अर्थ ठेवला तो रंगावर. १९११ च्या चित्रातली उधळलेली पिवळी गाय आनंदाची ठरते ती पिवळी आहे म्हणून. १९१३ च्या ‘निळ्या घोड्यांच्या मनोऱ्या’त एकावर एक चढलेले चार घोडे पवित्र वाटतात ते निळ्यामुळे. आता हीच जनावरं काळ्या शाईनं पांढऱ्या कागदावर छापा. संहितेचा आधारच निसटतो. काळा घोडा पुरुषतत्त्व की स्त्रीतत्त्व? पांढरी राहिलेली पाठ आध्यात्मिक की जड? पत्रात याचं उत्तर नाही. रंगांवर इतका खल केलेला माणूस पुढच्या वर्षा-दीड वर्षात मुख्यतः काळ्या-पांढऱ्यावर चालणाऱ्या माध्यमाकडे वळतो, ही गोष्ट साधी नाही. आपली सगळ्यांत हुकमी भाषा बाजूला ठेवून जनावराचं काय उरतं, हे त्याला पाहायचं होतं, असं मला वाटतं. हेतूचं सोडून दिलं तरी परिणाम समोर आहे. १९१२ च्या ‘वाघ’ या वुडकटमध्ये वाघाचे पट्टे आणि भोवतालचे आकार एकाच जातीच्या घावांनी कोरलेले आहेत. तैलचित्रातला त्याच वर्षीचा वाघ पिवळाधमक आहे आणि म्हणून पार्श्वभूमीपासून झटकन सुटा होतो. ठशात तो सुटा होत नाही. डोळ्याला तो शोधून काढावा लागतो. प्रतीक म्हणून वापरायची वस्तू आधी भोवतालातून वेगळी काढता यायला हवी. जी वेगळीच होत नाही, तिच्यावर अर्थाची चिठ्ठी डकवणार कुठे?

तुम्ही माध्यमाचा इतिहास काढलात, तर तोही नीट पाहू. ड्यूररच्या काळात चित्रकार आखून देई आणि ठसा कोरणारे कारागीर बहुधा वेगळे असत. कोरणाऱ्याचं कौशल्य यात, की लाकूड दिसूच नये. टाकानं ओढलेली रेषा जशीच्या तशी उठावी. ड्यूररचा १५१५ चा गेंडा आठवा. त्यानं गेंडा कधी पाहिला नव्हता. लिस्बनला आलेल्या जनावराच्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून त्यानं तो रचला, अंगावर चिलखतासारख्या पाट्या चढवल्या, खांद्यावर एक जादा छोटं शिंग बसवलं. हा गेंडा कोऱ्या कागदावर उभा आहे आणि डोक्यावर माहितीचा मजकूर आहे. भोवताल नाही, हवा नाही. आहे ते फक्त ज्ञान. याउलट १८९३-९४ मध्ये गोगँनं ताहितीवरच्या पुस्तकासाठी केलेले ठसे आणि १८९६ पासून मुंकनं केलेले ठसे यांनी वेगळी वाट काढली. चित्रकार स्वतः कोरू लागला, फळीचे रेशे छापात उमटू देऊ लागला, हत्यार घसरल्याच्या खुणाही ठेवू लागला. मार्क या वाटेवरचा आहे. या वाटेवर एक साधी भौतिक गोष्ट अर्थाचं काम करू लागते. तैलचित्रात आधी डोंगर रंगवून वर घोडा चढवता येतो. घोडा डोंगराच्या पुढे असतो कारण त्याचा रंग अक्षरशः वर असतो. ठशात जे कोरून काढलं ते कोरं राहतं आणि जे शिल्लक ठेवलं त्याला शाई लागते. घोडा आणि डोंगर एकाच फळीचे, एकाच पातळीचे. एकाची कड हीच दुसऱ्याची कड. ड्यूररनं ही गोष्ट लपवली. मार्कनं तिच्यावरच सगळा डाव लावला.

प्राध्यापक : डाव छान मांडलात, पण पत्ते मोजून घ्या. ‘घोड्यांचा जन्म’ हा १९१३ चा ठसा रंगीत आहे. १९१४ च्या ‘सृष्टीच्या कथे’तला दुसरा ठसाही रंगात छापला. म्हणजे रंग टाकून दिला हे अर्धसत्य. आणि समजा रंग नाही, तरी रेषा आहेच की. ‘घोड्यांचा जन्म’ यात सगळ्या कमानी, वळणं, फिरत्या चकत्या. ‘लांडग्यांचा जन्म’ यात टोकं आणि दाते. चित्रकारानं मंगल आणि अमंगल हा भेद रंगाकडून रेषेकडे सोपवला, एवढंच झालं. लांडगा म्हणजे काय हे सांगायलाही तो विसरलेला नाही. त्याच १९१३ मध्ये त्यानं लांडग्यांचं एक मोठं तैलचित्र केलं आणि शीर्षकात कंसात लिहिलं: बाल्कन युद्ध. याहून उघड प्रतीक कोणतं हवं? चित्रकार कंस घालून अर्थ सांगतोय आणि तुम्ही म्हणता, अर्थ नाहीच.

लेखक : अर्थ नाही असं मी म्हटलेलं नाही, जनावर दुसऱ्या कशाच्या तरी जागी उभं नाही, एवढंच म्हणतोय. पण आधी रंगीत ठशांबद्दल. त्या ठशांत रंग जनावराच्या कातडीला धरून राहत नाही. तो आकारांच्या तुकड्यांवर पसरतो, जनावराची मान ओलांडून शेजारच्या कमानीत जातो. ‘निळा घोडा’ असं आपण म्हणू शकतो. या ठशांतल्या घोड्यांना असं एका रंगाचं नाव देऊन पाहा, जमत नाही. रंग आला, पण संहिता परत आली नाही. बाल्कन युद्धाच्या कंसाचंही तसंच. तो कंस तैलचित्राला आहे, ठशाला नाही, आणि तो लागलाच का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. लांडगा म्हणजे युद्ध हे चित्रातूनच उघड होत असतं, तर कंसाची गरज पडली नसती. ठशाचं शीर्षक उलट दिशेनं जातं. तिथे लांडगे हल्ला करत नाहीत, जन्म घेतात. एकाच वर्षी, एकाच चित्रकारानं, त्याच हत्यारांनी घोड्यांचा जन्म कोरला आणि लांडग्यांचाही कोरला. प्रतीकांच्या जगात या दोघांना एक शब्द लागू होत नाही: घोडा निष्पाप, लांडगा हिंस्र; एकाचा जन्म शुभ, दुसऱ्याचं येणं अपशकुनी. मार्क दोघांना तोच शब्द देतो. रेषा वेगळी आहे, हे खरं, आणि रेषेला भाव असतो हेही खरं. पण तो भाव नीतीचा नाही, अंगकाठीचा आहे. घोड्याचं शरीर मान आणि पुठ्ठा यांच्या वळणांवर चालतं, लांडग्याचं मुस्कट, कान, सुळे यांच्या टोकांवर. कोरणारा त्या त्या शरीराच्या चालीनं कोरतो आहे. टोकदार म्हणजे वाईट, हे आपण मागाहून घातलेलं.

आणि एक उदाहरण मार्कच्या घरातलंच देतो. त्याचा सहकारी कांदिन्स्की हाही वुडकट करणारा. १९१२ च्या मे महिन्यात दोघांनी मिळून ‘ब्लाउए रायटर’ म्हणजे ‘निळा घोडेस्वार’ हा संग्रहग्रंथ काढला. मुखपृष्ठावर कांदिन्स्कीचा वुडकट होता आणि त्यात संत जॉर्जच्या वळणाचा एक घोडेस्वार. कांदिन्स्कीनं आठवणींत घोडा आणि स्वार यांचं नातं सांगून ठेवलंय: घोडा म्हणजे कलावंताची प्रतिभा, स्वार म्हणजे कलावंत, घोडा वेगानं नेतो, पण आवरायचं स्वारानं. ‘क्लेंगे’ या त्याच्या पुस्तकात छप्पन्न वुडकट आहेत आणि त्यांत हा स्वार पुन्हा पुन्हा येतो, विरघळत जातो, तरी बसलेला असतो. हे प्रतीक, सर. आपल्या भाषेत याला वाहन म्हणतात. वाहन झालेल्या प्राण्याच्या पाठीवर कुणीतरी असतं, देव असो की कल्पना, आणि आपण प्राण्याकडे पाहून पाठीवरच्याला नमस्कार करतो. मार्कच्या १९१२ च्या ‘रानटी घोडे’ आणि ‘पाणी पिणारा घोडा’ या ठशांत पाठ मोकळी आहे. कांदिन्स्कीच्या शेजारी बसून, त्याच ग्रंथाचं संपादन करत असताना, मार्कनं स्वाराला खाली उतरवलं. मी हे काही फार मोठं रहस्य उलगडतोय असं नाही. दोघांचे ठसे शेजारी ठेवले की दिसतं.

प्राध्यापक : सगळे ठसे शेजारी ठेवायचे, की सोयीचे तेवढेच? १९१३ चा ‘रिडिंगरवरून घोडेस्वारीची शाळा’ हा ठसा तुम्ही वगळलात. अठराव्या शतकातल्या रिडिंगर या कोरीवकाराच्या चित्रावरून केलेला. तिथे स्वार आहे. दलाक्र्वाच्या चित्रावरून केलेली सिंहांची शिकारही आहे. तिथे तर घोडे, माणसं, सिंह सगळेच. मग पाठ मोकळी कुठे राहिली?

लेखक : ही दोन उदाहरणं तुम्ही काढणारच होता आणि काढलीत ते बरं केलंत. दोन्ही ठसे जुन्या उस्तादांच्या चित्रांवरून केलेले आहेत, म्हणजे स्वार मार्कच्या कल्पनेतून आलेला नाही. तो आयता आलेला आहे, आणि मार्क त्याचं काय करतो हे तपासता येतं. रिडिंगरची घोडेस्वारीची चित्रं घोड्याला माणसाच्या हुकमाखाली डौलदार कसं करावं, यावर उभी होती. त्याच्या काळातल्या घोडेस्वारीच्या शाळेत लगाम, बैठक, पावलांचा क्रम यांची शिस्त होती. मार्कच्या ठशात स्वार आणि घोडा एकाच वळणात गुंतले आहेत. कोण कुणाला चालवतंय, याचा निवाडा रेषा देत नाही. दलाक्र्वाच्या शिकारीत आधीपासूनच गर्दी आणि घुसळण आहे, पण भाला कुणाच्या हातात आहे हे रंगांमुळे कळतं. मार्क ती घुसळण काळ्या-पांढऱ्यात उतरवतो आणि शिकारी व शिकार यांच्यामधली कड जवळजवळ पुसतो. माणसाला काढून न टाकताही त्याचं आसन काढून घेता येतं, हे या दोन ठशांतून दिसतं. मला तर हे मोकळ्या पाठीच्या घोड्यांहून धीट वाटतात.

प्राध्यापक : ठीक. पण मग मला तुमचा युक्तिवाद लाकडाची पूजा वाटू लागतो. फळी एक, पातळी एक, म्हणून अर्थ एक! हत्यारच सगळं ठरवतं, तर त्याच हत्यारानं दुसऱ्यांनी दुसरं काही करायला नको होतं. जर्मन चित्रकार केटे कोल्वित्झनं १९२० च्या सुमाराला शिल्पकार बार्लाखचे वुडकट पाहिले आणि ती या माध्यमाकडे वळली. तिची ‘युद्ध’ ही सात ठशांची मालिका पाहा: आया, विधवा, मुलाला अर्पण करणारी बाई. एकही जनावर नाही, आणि तरी फळी तीच. ‘ब्रुके’ गटाचा किर्खनर यानं १९०६ मध्ये फळीवर गटाचा जाहीरनामा कोरला; नग्न बायका कोरल्या, बर्लिनचे रस्तेही कोरले. एकाच पातळीचा सिद्धांत त्यांना का लागू पडत नाही?

लेखक : हत्यार सगळं ठरवतं असं म्हटलं तर मी लगेच हरेन. हत्यार एक शक्यता उघडतं. कुणी तिच्यातून जातं, कुणी नाही. कोल्वित्झला तिच्यातून जायचंच नव्हतं. तिला माणसाचं दुःख भोवतालात मिसळून चालणार नव्हतं, उलट काळ्यातून ते एकटं पुढे आणायचं होतं. म्हणून तिच्या ठशांत भोवताल काळ्यानं गिळलेला आणि चेहरे, हात तेवढे पांढरे. तुम्ही तिचं नाव घेतलंत म्हणून सांगतो, प्राण्याचं प्रतीक म्हणजे काय असतं याचा सर्वांत कडक नमुना तिच्याच एका चित्रात आहे, आणि तो वुडकट नाही. ‘शेतकऱ्यांचं युद्ध’ या १९०८ ला प्रसिद्ध झालेल्या धातूच्या मुद्राचित्रांच्या मालिकेत पहिलंच चित्र नांगरणीचं आहे. नांगराला बैल नाही, घोडा नाही. दोन माणसं जुंपलेली आहेत, जवळजवळ जमिनीला टेकलेली. जनावर चित्रात कुठेच नाही आणि तरी सगळं चित्र जनावरावर चालतं. पशू म्हणजे हीनता, हे आधीच ठरलेलं असल्याशिवाय ते चित्र आपल्याला धक्का देऊच शकत नाही. मी तिला दोष देत नाही; तिचा विषय माणूस होता आणि तिनं तो अचूक मांडला. पण जनावराला प्रतीक केलं की जनावराच्या वाट्याला काय येतं, ते इथे दिसतं. मार्कची वाट याच्या अगदी उलट आहे, आणि म्हणून दोघांना एका फळीवर बसवून पाहणं उपयोगाचं ठरतं.

किर्खनरचं उदाहरण मात्र तुमच्या बाजूनं पूर्ण बसत नाही. सैन्यात १९१५ ला गेल्यावर तो मनानं मोडला आणि पुढे डाव्होसजवळच्या फ्राउएनकिर्ख या डोंगराळ गावात राहू लागला. तिथल्या ठशांत शेळ्या, गायी, गुराखी येतात. हे प्राणी कष्टकऱ्यांच्या घरचे आहेत, दूध देणारे, उन्हाळ्यात वरच्या कुरणांकडे नेले जाणारे. किर्खनरच्या डोक्यात त्या गावाबद्दल शांतीचं एक स्वप्न होतं, ते नाकारत नाही, पण शेळी तिथे शांतीच्या जागी उभी नाही. तिला चारायला कुणीतरी बरोबर आहे. मार्कनंतर या प्रतीक नसलेल्या जनावराला आणखी वारस मिळाले. गेरहार्ड मार्क्स हा शिल्पकार बाउहाउस या जर्मन कलाशाळेत मातीकामाचा वर्ग सांभाळत होता. १९२१ च्या सुमारास त्यानं कोरलेल्या मांजरी कुणाचीही गूढ विद्या सांगत नाहीत. डिसेंबर १९२२ मध्ये कोलकात्याला बाउहाउसच्या चित्रकारांचं प्रदर्शन झालं, त्यात क्ली, कांदिन्स्की, फाइनिंगर यांच्याबरोबर या मार्क्सचीही कामं होती; म्हणजे भारतीय प्रेक्षकानं हा वाद सुरू असतानाच त्यातले काही पुरावे पाहिले होते. एवाल्ड माटारेनं १९२० च्या दशकात गायी कोरल्या. पोट, शिंगं, जमीन, सगळं इतकं आटवलेलं की गाय आणि पठार यांच्यात फारसा फरक उरत नाही.

प्राध्यापक : आता एक आक्षेप, जो मला सर्वांत गंभीर वाटतो आणि ज्याला फळी आणि रेशे सांगून उत्तर देता येणार नाही. तुमचा मार्क जनावराला शुद्ध मानत होता. माणूस त्याला कुरूप वाटे. हे प्रेम निरुपद्रवी नाही. जो माणूस माणसांत मलिनता आणि प्राण्यांत पावित्र्य पाहतो, त्याला एक दिवस माणसांचं जग धुऊन काढावंसं वाटतं. मार्कला वाटलंच. १९१४ च्या ऑगस्टमध्ये तो आपणहून सैन्यात गेला, आणि आघाडीवरून त्यानं लिहिलं की या रक्तातून युरोप शुद्ध होईल. त्याचा मित्र माके त्याच सप्टेंबरात मारला गेला, तरी ती भाषा लगेच थांबली नाही. ४ मार्च १९१६ ला व्हर्डनजवळ, घोड्यावरून टेहळणीला निघाला असताना, तोफगोळ्याच्या तुकड्यांनी तो मेला. तुम्ही ज्याला स्वार उतरवणारा म्हणता, तो शेवटी स्वतःच स्वार झाला. प्रतीक नाकारून तुम्ही त्या ठशांना या सगळ्यातून निर्दोष सोडवून आणताय. मला वाटतं, शुद्धतेचं प्रतीक हीच त्या चित्रांची कळ होती आणि तीच त्याला खंदकात घेऊन गेली.

लेखक : शुद्धतेची कल्पना मार्कच्या लिखाणात आहे, पत्रांत आहे, बऱ्याच तैलचित्रांतही आहे, आणि ती धोक्याची आहे, यात मी तुमच्याबरोबर आहे. १९१३ चं ‘प्राण्यांची नियती’ हे भलं मोठं चित्र त्याच कल्पनेवर उभं आहे: झाडं कोसळताहेत, निळं हरीण मान वर करून बळी जातंय. युद्धात असताना त्या चित्राचं एक पोस्टकार्ड मार्कला मिळालं आणि त्याला ती युद्धाची पूर्वसूचना वाटली. स्वतःच्या चित्रात भविष्य वाचणं ही प्रतीकवाद्याची खरी सवय. पण तुमच्या आरोपात ठसे ओढता येतील का, हे ठशांवरून ठरवू या. शुद्ध ठेवायचं म्हणजे वेगळं ठेवायचं; मळ एका बाजूला, पावित्र्य दुसऱ्या बाजूला. वर सांगितलेल्या ठशांत अशी बाजूच पडत नाही. घोडा कमानीत घुसलेला, लांडगा कातळात, शिकारी सिंहात. १९१३ च्या या ठशांत काहीही वेगळं काढून सोवळ्यात ठेवता येत नाही. तत्त्वज्ञ मार्क शुद्धीकरण मागत होता आणि कोरणारा मार्क, तेवढ्याच काळात, मिसळण कोरत होता. माणसाचं लिखाण आणि त्याच्या हाताचं काम यांत असं अंतर पडू शकतं, हे मान्य करायला आपल्याला जड जातं. चित्रकारानं पत्रं लिहून ठेवली असली तर जास्तच.

याला मार्ककडूनच एक पुरावा मिळतो. १९१५ च्या एप्रिलमध्ये त्यानं पत्नी मारियाला आघाडीवरून लिहिलं की आपल्याला माणसं आधीपासून कुरूप वाटत होती, प्राणी जास्त सुंदर वाटत होते. पण पुढे पुढे त्यांच्यातही खटकणारं, कुरूप असं बरंच दिसू लागलं, आणि म्हणून आपली चित्रं अमूर्ताकडे गेली. म्हणजे शुद्धतेचं प्रतीक म्हणून जनावर टिकत नाही, हे त्यालाही उमगलं होतं. पण पाहा, त्यातून तो काय निष्कर्ष काढतो: जनावरही अशुद्ध, मग जनावर सोडा, शुद्ध आकाराकडे चला. ‘कुरूप’ लांडग्यांना घोड्यांच्या शेजारी जन्माला घालणारे ठसे या निष्कर्षाच्या आधीचे आहेत आणि मला ते त्या पत्रापेक्षा शहाणे वाटतात. त्यांना अशुद्धतेची अडचणच झालेली नाही.

प्राध्यापक : मग ‘सृष्टीची कथा’ या ठशांचं काय कराल? १९१३ मध्ये मार्कनं एक सचित्र बायबल काढायचं ठरवलं. कांदिन्स्की, क्ली, कुबिन, हेकेल, कोकोश्का असे चित्रकार वाटेकरी म्हणून जमवले. स्वतः उत्पत्तीचं पुस्तक घेतलं. १९१४ चे ते ठसे त्यातले. धर्मग्रंथाला जोडलेलं चित्र प्रतीक नसतं, असं आता म्हणू नका.

लेखक : म्हणणार आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात प्राणी माणसाच्या आधी येतात, आणि त्या क्षणी ते कशाचंच प्रतीक नसतात, कारण प्रतीक वाचणारा अजून जन्मायचा असतो. पुढे माणूस येतो, त्याला सगळ्यांवर सत्ता मिळते, दुसऱ्या अध्यायात तो एकेकाला नाव देतो, आणि मग सापापासून प्रतीकांचा कारभार सुरू होतो. मार्कचे ठसे या सत्तेच्या आणि नामकरणाच्या प्रसंगाकडे जात नाहीत. आकार वळताहेत, त्यांतून मुखं आणि पाठी सुटताहेत, काही अजून सुटलेल्या नाहीत. धर्मग्रंथातली एकच जागा अशी आहे जिथे जनावर निखळ जनावर असतं, आणि मार्कनं पुस्तकं वाटून घेताना नेमकी ती जागा स्वतःकडे ठेवली.

प्राध्यापक : आणि ती अपुरी राहिली. त्या सगळ्या बायबलपैकी पुरा झाला तो कुबिनचा भाग, दानिएलचं पुस्तक, १९१८ मध्ये. दानिएलच्या पुस्तकात समुद्रातून चार श्वापदं वर येतात आणि देवदूत सरळ सांगतो की ही चार राज्यं आहेत. प्रतीक, अर्थासकट, तळटीपेसकट! तुमच्या बाजूचं पुस्तक सुट्या पानांवर राहिलं आणि माझ्या बाजूचं छापून, बांधून बाजारात आलं.

लेखक : सुटी पानं राहिली हे खरं, पण तोट्यात गेली असं मला वाटत नाही. मार्क गेल्यावर मारियानं मूळ फळ्यांवरून हातानं काढलेल्या छापांवर तसं लिहून सही केली, आणि ते छाप बायबलच्या मजकुराविना, एकेक करून, वेगवेगळ्या संग्रहांत गेले. कुबिनच्या श्वापदांशेजारी देवदूताचा खुलासा छापलेला आहे. तो न वाचता ती चित्रं पाहणं कठीण. मार्कच्या ठशापुढे उभं राहिलेल्याला अर्थ सांगायला शेजारी कुणी नाही. शीर्षक वाचून तो सृष्टीची कथा आठवेल, किंवा तुमच्यासारखा जाणकार असेल तर माकेचं पत्र आठवेल. पण त्या पत्रातला रंग तिथे कुठल्या जनावरावर लावायचा, हे त्याला स्वतःच ठरवावं लागेल, आणि तुम्ही ते एकदा करून पाहावं, सर, अशी माझी विनंती आहे.

प्राध्यापक : करून पाहीन. पण लांडग्यांपासून सुरुवात करेन, आणि बाल्कन युद्धाचा कंस मी खोडणार नाही.